जुनी गाडी घेताय? विसार देण्याआधी जोतिबाचा डोंगर चढवा

कोल्हापुरात नवी गाडी आली की ती आधी जोतिबाला न्यायची, ही कितीतरी घरांतली रीत आहे. नारळ फुटतो, बॉनेटवर गुलाल पडतो, 'चांगभलं' होतं आणि पेढे वाटून मंडळी खाली उतरतात. जुनी गाडी घेणारेही हेच करतात. तोवर पैसे मात्र देऊन झालेले असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वस्तातली, भरपूर पळालेली गाडी जोतिबाला जरूर न्या, पण विसार देण्याच्या आधी न्या.

हे लिहायला निमित्त झालं एका मित्राचं. तो राहतो वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरच. इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. पुढे तो घरच्या नारळ-गुलालाच्या दुकानात बसला आणि मी बातम्या लिहायला लागलो. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी कोल्हापूरला आणावं लागतं. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बस आहे, पण डायलिसिस झालेल्या माणसाला बसच्या रांगेत उभं करता येत नाही. म्हणून तो भाड्याची गाडी करायचा. फेरीला हजार रुपये धरले तरी वर्षाच्या १०४ फेऱ्यांचे लाखाच्या वर जातात. गेल्या चैत्र यात्रेतून आणि माघातल्या खेट्यांच्या रविवारांतून जमलेले सव्वादोन लाख त्याच्याकडे होते. त्याने मला मोबाइलवर दोन गाड्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'भावा, कुठली घेऊ?'

पहिली २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ५८ हजार किलोमीटर, दोन लाख दहा हजार. दुसरी २०१३ ची, तीही पेट्रोल, १ लाख ४६ हजार किलोमीटर, एक लाख साठ हजार. दोन्ही एमएच-०९ पासिंग. त्याचं मन अर्थातच पहिलीवर होतं.

काटा काय सांगतो, काय सांगत नाही

आपल्याकडे 'मायलेज' म्हटलं की माणूस लिटरला किती देते ते सांगतो. गाडी एकूण किती पळाली, त्याला आपला शब्द 'रनिंग'. आणि जुन्या गाडीच्या बाजारात पहिला प्रश्न रनिंगचाच असतो. लाखाच्या आत असेल तर चेहरा खुलतो, दीड लाखाच्या वर गेलं की 'नको बाबा'. मला ही भीती अर्धवट वाटते.

१ लाख ४६ हजार हा आकडा बारा वर्षांवर पसरला तर दिवसाला जेमतेम तेहतीस किलोमीटर होतात. माझा मित्र रोज एकदा शहरात येऊन गेला असता तर याहून जास्त झालं असतं. शिवाय इंजिनाची झीज सगळ्या किलोमीटरला सारखी होत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू होतं तेव्हा ऑइल खाली पडलेलं असतं, ते वरपर्यंत पोचेपर्यंत धातूवर धातू घासतो. जी गाडी रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होते, तिचं इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोल साठत राहतं. उलट महामार्गावर टॉप गिअरमध्ये तासन्‌तास चालणारी गाडी किलोमीटर खूप जमवते, पण क्लच, ब्रेक आणि स्टार्टर कमी वापरते. विक्री प्रतिनिधीने कोल्हापूर-पुणे फिरवलेली दीड लाखाची गाडी ही महाद्वार रोडच्या गर्दीत ऐंशी हजार झालेल्या गाडीपेक्षा आतून चांगली असू शकते. असतेच असं नाही. ऑइल वेळेवर बदललं असेल तरच.

काटा मागे घेणं ही काही अवघड कला राहिलेली नाही. डिजिटल मीटर आल्यापासून तर लॅपटॉप जोडला की काम होतं. म्हणून आकडा वाचू नका, त्याला साक्षीदार आहेत का ते बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी क्रमांकावरून जुन्या नोंदी मिळतात. दाराच्या कडेला किंवा बॉनेटखाली ऑइल बदलल्याचं स्टिकर असतं, त्यावर मेकॅनिकने किलोमीटर लिहिलेले असतात. विकणारे काटा फिरवतात, स्टिकर काढायला विसरतात. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची कड बसलेली आणि काटा म्हणतोय चाळीस हजार, तर काटा खोटा. आणि विक्रेत्याने 'डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापरलेली' असं सांगितलं तर नुसतं हसा. या राज्यातल्या डॉक्टरांनी जेवढ्या गाड्या विकल्या म्हणून सांगितलं जातं, तेवढे डॉक्टरच नाहीत.

पहिली गाडीही डॉक्टरांचीच होती.

कोल्हापूरकरांनी विसरू नये असा प्रश्न

आपल्या भागात जुनी गाडी बघताना रनिंगच्याही आधी विचारायचं, '२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ही गाडी कुठं उभी होती?' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. शहरातल्या आणि शिरोळ-करवीरच्या गावांतल्या किती गाड्या त्या पाण्यात राहिल्या, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं कुणी समजू नये.

दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते. घेणारा ती धुतो, सुकवतो, सीट कव्हर बदलतो, अत्तराची बाटली लावतो आणि बाजारात आणतो. इंजिन खोलून साफ करता येतं. वायरिंगचं तसं नसतं. पाण्यात बुडालेल्या कनेक्टरना आतून हिरवट गंज चढतो आणि तीन-चार वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात गाडी कारण नसताना बंद पडते. मंगळवारी सकाळी आईला घेऊन निघालेल्या माणसाला तेच परवडत नाही.

ओळखायचं कसं? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोजच्या वापरात न येणारा शेवटचा हातभर पट्टा मातकट दिसला किंवा त्यावर सरळ रेघ असली, तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात बारीक माती आहे का ते बघा. आणि जुन्या विमा पॉलिसीची प्रत मागा. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो. 'गाडीला साधा ओरखडा नाही' म्हणणाऱ्या मालकाच्या पॉलिसीत बोनस शून्य असेल तर त्याला कारण विचारा. कारण वेगळंही असू शकतं, पॉलिसी मध्येच खंडित झाली असेल, पण उत्तर देताना माणूस अडखळतो का तेवढं कळतं.

आम्ही पहिल्या गाडीचा मागच्या सीटचा बेल्ट ओढला. रेघ होती. खिडकीच्या काचेच्या बरोबर खाली. मित्र काही बोलला नाही, पट्टा हळूच सोडून दिला. त्याआधी 'डोंगरावर नेऊन बघतो' म्हटल्यावर विक्रेता म्हणाला होता, 'डोंगर कशाला, रंकाळ्याला चक्कर मारून या की.' रंकाळ्याभोवतीचा रस्ता सपाट आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

घाटात इंजिन खोटं बोलत नाही

दुसऱ्या गाडीचा एजंट मात्र तयार झाला. उद्यमनगरातले एक मिस्त्रीमामा आमच्या सोबतीला आले. रविवार टाळला, कारण रविवारी जोतिबाला एवढी गर्दी की घाटात गाडी तपासण्यापेक्षा माणसंच मोजावी लागतात. बुधवारी सकाळी सात वाजता एजंटाच्या दारात उभे राहिलो आणि मामांनी पहिलं काम केलं ते बॉनेटवर तळहात ठेवण्याचं. थंड होतं. 'आधी गरम करून ठेवली असती तर मी इथनंच परत गेलो असतो,' ते म्हणाले. खरं आहे. गरम इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं. थंड इंजिन किती फेऱ्यांत पकडतं, सुरू होताना खडखडतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, यात अर्धी कुंडली असते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत शिरतोय. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि तिन्हींत दुरुस्तीला स्वस्त बहुधा हाच.

शिवाजी पूल ओलांडून, वडणगे फाट्यावरून आम्ही केर्लीला आलो आणि तिथून चढाला लागलो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, जोतिबा सुमारे ९५० मीटरवर. म्हणजे शेवटच्या थोड्या किलोमीटरांत गाडीला ३८० मीटर वर ओढायचं असतं. गाडीत मुद्दाम चौघं बसलो होतो आणि एसी चालू ठेवला होता. मामांनी चढात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी तेवढी पळत नाही, असं झालं तर क्लच प्लेट घसरतेय. तसं झालंच, थोडंसं. तापमानाचा काटा मात्र मध्यावरून हलला नाही.

वर पोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. आम्ही दहा मिनिटं तशीच सुरू ठेवली. रेडिएटरचा पंखा फिरला, थांबला, परत फिरला. मग मामांनी ऑइलचं झाकण उघडून तळहात धरला. पिस्टन रिंग झिजल्या असतील तर तिथून धूर भकाभका बाहेर येतो, त्याला आपल्याकडचे मेकॅनिक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. ते असेल तर पुढची चर्चा इंजिन कामाची, आणि दीड लाखाच्या गाडीत इंजिन काम म्हणजे दुसरी गाडी घेणं. किंचित वाफ होती, धूर नव्हता. मामा म्हणाले, 'वयाच्या मानानं बरी हाय.'

उतार हा चढापेक्षाही महत्त्वाचा, आणि तो बहुतेक लोक तपासत नाहीत. माणसांसकट तेराशे किलोची गाडी ३८० मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा सोडते, तिच्यात चौदा-पंधरा लिटर पाणी उकळेल. त्यातली काही इंजिन ब्रेकिंगने आणि हवेने जाते, उरलेली चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. ब्रेक डिस्क वाकडी असेल तर खाली येताना पॅडल पायाखाली थरथरतं. पॅडल हळूहळू खोल जाऊ लागलं तर तिथेच थांबा. शिवाय उतारावर बराच वेळ पाय काढून इंजिनवर गाडी येऊ द्यावी आणि मग एकदम ॲक्सिलरेटर द्यावा. त्या क्षणी मागे निळा फुगा सुटला तर व्हॉल्व्हची सील गेलीत. सपाट रस्त्यावर हे दिसत नाही. हल्ली मोबाइलवर गाड्या विकणाऱ्या कंपन्या शेकडो मुद्द्यांचा तपासणी अहवाल देतात. त्याला किंमत आहे, पण चार माणसं घेऊन घाट चढून-उतरून आलेल्या गाडीचा अहवाल तो नसतो.

एक छोटं यंत्र जवळ ठेवायला हरकत नाही. ओबीडी स्कॅनर हजारभर रुपयांत मिळतो. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवर दोषांचे कोड दाखवतो. एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. विक्रेते गिऱ्हाईक येण्याआधी कोड पुसतात. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात, त्या पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालावी लागते. सगळ्याच अपूर्ण असतील तर काल-परवा कुणीतरी पाटी पुसलेली आहे.

किंमत कुठली खरी?

घाटातून आल्यावर मामांनी चहाच्या टपरीवर एका बिलाच्या मागे हिशेब मांडला. चार टायर १४ हजार, क्लच ८ हजार, बॅटरी साडेचार हजार, शॉकअब आणि बुश ९ हजार, ऑइल-फिल्टर-कूलंट आणि इंधनाचे पाइप साडेपाच हजार. त्यात मी विमा आणि कागदपत्रं घातली. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दराने ३,४१६ रुपये, जीएसटीसह चार हजार. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, ती बसवलेली नव्हती. ती आणि नाव बदलायचा खर्च मिळून अडीच हजार. एकूण साडेसत्तेचाळीस हजार. एक साठची गाडी दोन सातला पडणार होती.

माझ्या मते जुनी गाडी घ्यायची की नाही हे इथं ठरतं. ज्याच्याकडे गाडीच्या किमतीएवढेच पैसे आहेत त्याने ती गाडी घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. किमतीच्या तीस टक्के बाजूला काढता येत असतील तरच पुढे जावं. 'आत्ता घेतो, काम हळूहळू करतो' म्हणणाऱ्याची गाडी पहिल्या सहा महिन्यांत गॅरेजचे खेटे घालू लागते. जोतिबाचे खेटे पाच रविवारांत संपतात, गॅरेजचे संपत नाहीत.

याच कारणाने मी मित्राला जुन्या डिझेल गाड्या बघूही दिल्या नाहीत. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेल परवडतं. त्याचं वर्षाचं रनिंग सहा-सात हजार होणार. एवढ्यात डिझेलची बचत थोडी, आणि टर्बो किंवा इंजेक्टर गेला तर सगळी बचत एका दिवसात जाते. पेट्रोलचंही एक दुखणं आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर कडक होतात, म्हणून मामांच्या हिशेबात ते पाइप होते. ऊस आपलाच, कारखाने आपलेच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची!

नवी का नाही, असं विचारणारे असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या उतरल्या आणि त्यांच्यामागे जुन्यांचे भावही ढिले झाले. घासाघीस करायला हा मुद्दा जरूर वापरा. पण ज्याची कमाई चैत्रात येते आणि श्रावणानंतर आटते, त्याने सात वर्षांचा मासिक हप्ता डोक्यावर घ्यावा, असं मला वाटत नाही.

कागद: इंजिनाहून मोठी भानगड

गाडी पसंत पडली होती. मी एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला आणि दोन गोष्टी दिसल्या. गाडीवर अजून बँकेचा बोजा होता. आणि मालक म्हणून ज्याचं नाव होतं, तो माणूस आमच्यासमोर नव्हताच. एजंटकडे त्याच्या सह्या केलेले कोरे फॉर्म होते.

हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. टीटीओच्या, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० च्या, कोऱ्या सह्यांवर एक गाडी तीन-तीन हात फिरते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. केंद्राच्या डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद ऑनलाइन व्हायची, अशी व्यवस्था आहे. तशी नोंद असेल तर डीलर कायद्याने मालक मानला जातो. आमच्या एजंटकडे यातलं काहीच नव्हतं.

मग मूळ मालकाला गाठलं. शेजारच्या तालुक्यातला, भला माणूस. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यायचा कंटाळा केला होता. 'गाडी दिली, विषय संपला,' असं त्याला वाटत होतं. त्याला मी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल समजावून सांगितला. त्या प्रकरणात गाडी २००७ मध्ये विकली गेली, पुढे आणखी हात फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंद पहिल्या मालकाच्या नावावर राहिली होती, म्हणून भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. हे ऐकल्यावर तो दुसऱ्या दिवशी बँकेत गेला. विक्रेता आरटीओत यायला टाळाटाळ करत असेल तर विनवण्या करण्यापेक्षा हा निकाल सांगावा, काम लवकर होतं.

थकलेली ई-चलनंही याच वेळी बघावीत. आमच्या गाडीवर पाच निघाली, सगळी महामार्गावर वेग जास्त असल्याची. म्हणजे गाडी खरंच पुण्याच्या रस्त्यावर पळत होती, याचा सरकारी पुरावाच मिळाला.

निपाणी-चिकोडीकडची केए-२३ ची गाडी किंवा दिल्लीची डीएल पासिंगची गाडी आणखी स्वस्त मिळते, म्हणून मोह होतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या देशभर उतरल्या. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथं आणायची तर एनओसी, पुन्हा नोंदणी आणि इथला रस्ता कर, हे सगळं किमतीत धरा. आणि गाडीचं वयही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये फेरनोंदणीला जाईल, तिची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार आहे, वर पर्यावरण कर. मित्राला मी आधीच सांगितलं की ही गाडी आणखी फार वर्षांची नाही.

नाव बदलून यायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत त्याच्या दहा फेऱ्या भाड्याच्या गाडीने झाल्या, म्हणजे दहा हजार रुपये. एकदा वैतागून त्याने फोन केला. 'एजंट म्हणत होता, सही हाय, घेऊन जा गाडी. तुझ्या नियमापायी माझे दहा हजार गेले.' त्याच्याजागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. सावधपणाची किंमत असते आणि ती ज्याच्या खिशातून जाते त्यालाच टोचते. तरी मी त्याला थांबवलं, याचा मला पश्चात्ताप नाही. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत आईला बसवून रोज घाट उतरायचा आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनीशी वाद घालत बसायचं, हे दहा हजारांपेक्षा महाग पडलं असतं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं असेल तर तो चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो.

क्लच, टायर आणि चलनं दाखवून सौदा एक पंचेचाळीसला तुटला. साडेसत्तेचाळीस हजारांचं काम केलं, दोन लाखांच्या आत सगळं बसलं. साडेबत्तीस हजार त्याने वेगळे ठेवलेत आणि त्यांना हात लावायचा नाही, अशी आईची तंबी आहे.

गाडी येऊन चार महिने झाले. काट्यावर १ लाख ४८ हजार आहेत. मध्ये एकदा स्टार्टरने त्रास दिला, तो रविवारी, दुकानाच्या गर्दीत, त्यामुळे मंगळवार चुकला नाही. परवा मामांनी एसीचा फिल्टर काढला तर तो पार गुलाबी झालेला. डोंगरावर राहणाऱ्या गाडीचा तसाच निघणार. मित्र म्हणाला, झटकून परत बसवा, अजून चालेल. मामांनी तो टपरीशेजारच्या डब्यात टाकला आणि नवा घातला.